बारी कुणाची होती

फाल्गुन सरत आला होता, आणि डोंगर जळून गेले होते.

आंबेवळच्या पश्चिमेला तीन दिवस वणवा फिरला होता. आता तिथे उरली होती काळी, करपलेली, धूम्रगंधी उतरण; करवंदीच्या जाळ्यांचे कोळसे, ऐनाच्या खोडांवर भाजल्याचे व्रण, आणि त्या साऱ्यावर पांढरीफटक, निर्मेघ, निर्दय दुपार. वारा वाहत होता, पण त्यात माया नव्हती. तो उतरणीवरची राख उचलत होता आणि गावात आणून टाकत होता. उंबऱ्यांवर, अंगणांत, पाण्याच्या घागरींत, माणसांच्या डोळ्यांत.

खाली हिरण्यकेशी होती. नाव सुवर्णकेशिनीचे, पण फाल्गुनात तीही कृश आणि क्लांत, पात्रातल्या खडकांच्या बरगड्या उघड्या टाकून पडलेली. फक्त बंधाऱ्याच्या मागे तिचे पाणी अडून राहिले होते. निळे, निवांत, निश्चल.

तो बंधारा ज्याने बांधला, त्या माणसाचे आज बारावे होते.

कप्तान हिंदुराव शिंत्रे. वय वर्षे शहात्तर. अठराव्या वर्षी खडकीला जाऊन सॅपर झाला, म्हणजे फौजेतला वाट काढणारा. जिथे नदी असेल तिथे पूल टाकणारा, जिथे सुरुंग पेरलेले असतील तिथे गुडघ्यांवर रांगत जमीन चाचपणारा. एकाहत्तरच्या लढाईतून जिवंत परतला. फौजेतच शिकला, अभियंता झाला, कप्तान होऊन निवृत्त झाला, आणि मग तालुक्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामांवर आणखी वीस वर्षे उन्हात उभा राहिला.

शिंत्र्यांच्या अंगणात कनात ताणली होती. कनातीखाली फोटो, फोटोला हार, हारावर राख. माणसे दाटीवाटीने बसली होती आणि एकेक जण उठून बोलत होता.

सरपंच म्हणाले, "कप्तानसाहेबांनी बंधारा बांधला म्हणून आंबेवळनं दुसरं पीक बघितलं. पावसाळा सरला की ह्या वयातबी स्वतः उभं राहून पाणी अडवायला बरगे घालून घ्यायचे. एक फळी वाकडी बसली तर पुन्हा काढायला लावायचे."

निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मोठा अभियंता होताच. पण मी त्याला आठवतो तो नवरा म्हणून आणि बाप म्हणून."

आणि अंगण हळहळले. कारण ते दृश्य साऱ्यांनीच पाहिले होते. हिंदुरावांच्या पत्नीची, वत्सलाबाईंची बोटे संधिवाताने वाकली, मुळांसारखी वेडीवाकडी झाली, त्याला वीस वर्षे झाली. तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी कप्तान ओट्यावर बसत, बायकोला खालच्या पायरीवर बसवत, आणि तिचे केस विंचरून वेणी घालत. ज्या बोटांनी दोर वळून नद्यांवर पूल टांगले, ती बोटे त्या पांढऱ्या केसांचे तीन पेड एकमेकांत गुंफत; सावकाश, नेमके, एकही केस न दुखवता.

सारे गाव ते पाहून सुखावत असे.

एक घर सोडून.

समोरच, दहा पावलांच्या बोळापलीकडे, एक बसके कौलारू घर होते. त्या घराच्या दारात, त्या भाजक्या दुपारी, एक म्हातारी उभी होती. उंच, उभट, वाळलेल्या बाभळीसारखी ताठ. कपाळ कोरे. डोळे कोरडे. तिच्या ओठांची रेघ अशी घट्ट मिटलेली, की जणू तिथे कधी हसू उगवले नव्हते, आणि उगवले असेल तर तिने ते स्वतःच्या हाताने उपटून टाकले होते.

ती हौसाबाई होडगे होती. केरबा होडग्याची विधवा.

केरबा आणि हिंदुराव एका गावचे, एका वर्गातले, एकाच दिवशी भरती झालेले. एका ताटात जेवणारे. एकाहत्तरच्या वैशाखात केरबाचे लग्न झाले, आणि हिंदुराव नवरदेवाच्या मागे उभा राहून अक्षता उधळीत होता. हौसा अठरा वर्षांची. हळद उतरायच्या आधी नवरा पलटणीत परतला, आणि त्या वर्षीच्या मार्गशीर्षात, पंजाबच्या सरहद्दीवर, गव्हाच्या कोवळ्या शेतात पेरलेल्या सुरुंगाने त्याला नेले.

तार आली. आकाश जिथे होते तिथेच राहिले, हे तिला फार लागले.

महिन्याभराने हिंदुराव सुट्टीवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाची काळी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन तो बोळ ओलांडून आला, आणि तिच्या उंबऱ्याबाहेर ती खाली ठेवून उभा राहिला. त्याच्या अंगावर ऊन होते. त्याच्या अंगात श्वास होता. हौसाने आधी तेच पाहिले.

ट्रंकेकडे न बघता तिने विचारले, "भावजी, एक सांगा. शेतात म्होरं रांगायला रोज एकेकाची बारी असती, असं त्येंनी मला सांगितलं हुतं. त्या दिवशी बारी कुणाची हुती?"

हिंदुरावाने वाकून ट्रंक उंबऱ्याकडे सरकवली.

"बारी कुणाची हुती, भावजी?"

त्याचे ओठ हलले. मग त्याने मान खाली घातली, आणि खाली मान घालूनच तो पाठमोरा झाला, आणि बोळ ओलांडून आपल्या घरात गेला. त्या घरात तेव्हा पाळणा बांधलेला होता. पाळण्यात महिन्याची पोर रडत होती.

खाली गेलेल्या त्या मानेत हौसाला उत्तर दिसले. बारी त्याची होती. त्याने केरबाला पुढे घातले.

त्या सकाळी हौसाच्या आत काहीतरी पेटले, आणि ते वणव्यासारखे तीन दिवसांत विझले नाही. ते बावन्न वर्षे जळले. मंद, निर्धूम, निष्ठावंत.

लोक प्रेमाने जगतात, आशेने जगतात. हौसाबाई वैराने जगली. वैर तिने देवासारखे पुजले, लेकरासारखे वाढवले. पहाटे उठून दार उघडताना तिची पहिली नजर समोरच्या ओट्यावर जाई आणि तिथे थुंकल्यासारखी पडे. हिंदुराव सुट्टीवर आला की ती बोळातून जाताना पदर तोंडावर ओढून घेई. लाजेने नव्हे, घाणीचा वास यावा तसा.

त्याला दुसरी मुलगी झाली, मग मुलगा झाला. बारशाचे पेढे आले. तिने ते बोळातल्या कुत्र्यापुढे टाकले, आणि कुत्रा खाईस्तोवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पाठवणाऱ्याला दिसावे म्हणून.

एकदा त्याची थोरली पोर, सहा वर्षांची वैजयंती, मांजराच्या पिल्लामागे धावत हौसाबाईच्या पडवीत शिरली. हौसाबाईने तिला दंडाला धरून उभी केली. पोरीच्या त्या गोबऱ्या गालांकडे, त्या रिबिनीकडे, बापाने बांधलेल्या त्या लाल रिबिनीकडे ती क्षणभर बघत राहिली.

"जा. तुज्या बाला जाऊन इचार, बारी कुणाची हुती."

पोरीने घरी जाऊन विचारले. हिंदुराव दोन दिवस जेवला नाही. हे मोलकरणीच्या तोंडून हौसाबाईला कळले, आणि त्या दोन्ही दिवशी ती पोटभर जेवली.

बंधारा झाला. हिरण्यकेशीचे पाणी पाटाने गावभर खेळले; ज्यांच्या शेतात कधी मिरची जगली नव्हती, त्यांच्या शेतात ऊस उभा राहिला. पाटाची एक शाखा हौसाबाईच्या वाफ्यापर्यंत आली. कप्तानाने तिची वळणे स्वतः आखली होती. वाट लांबली तरी चालेल, पण पाणी त्या तुकड्याला लागले पाहिजे. पाणी आले, झुळझुळले, उन्हात हसले. हौसाबाई खोरे घेऊन गेली. तिने पाटाचे तोंड मातीने बुजवले, दगडाने चेपले, पायाने तुडवले. शेजारच्या हिरव्या रानांच्या मधोमध तिचा तुकडा तांबडा, तडकलेला, उघडा राहिला, आणि ती अर्ध्या कोसावरच्या झऱ्यावरून डोक्यावर घागरी आणून चार भाज्या जगवत राहिली. वर्षानुवर्षे. मान दुखेपर्यंत, मान वाकेपर्यंत नव्हे. वाकू तिने दिली नाही.

आणि ती कौलांची गोष्ट तर गाव अजून सांगते.

एका वळिवाने तिच्या घराची अर्धी कौले उडवली. दुसऱ्या दिवशी ती गडहिंग्लजच्या बाजाराला गेली असताना कप्तान शिडी लावून छपरावर चढला. पन्नाशीचा गडी, एकटा. संध्याकाळपर्यंत त्याने वासे सारखे केले, नवी कौले बसवली, ओळीत ओळ, जशी पलटण उभी राहते तशी. हौसाबाई परतली. तिने वर पाहिले. पिशवी खाली ठेवली, लुगड्याचा काचा मारला, ती शिडी चढली, आणि एकेक कौल काढून बोळात आपटू लागली. शंभरावर कौले. प्रत्येक कौलाबरोबर एक शब्दही नाही. फक्त फुटण्याचा आवाज. समोरच्या ओट्यावर कप्तान उभा होता. त्याने तिला थांबवले नाही. तो आत गेला नाही. शेवटचे कौल फुटेपर्यंत तो सावधान उभा राहावा तसा उभा राहिला, आणि मग झाडू घेऊन तुकडे गोळा करू लागला. तिच्या अनवाणी पायांना लागू नयेत म्हणून.

तो सारा आषाढ हौसाबाई उघड्या वाशांखाली, गोणपाटाची खोळ पांघरून झोपली. भिजली, कुडकुडली, तापली. पण त्याच्या छपराखाली झोपली नाही.

सर्वांत जड तिला जाई ती दिवेलागणीची वेळ. समोर ओट्यावर तो बसलेला, पायरीवर त्याची बायको, आणि त्याची बोटे त्या केसांत. त्याने बायकोला मारले असते, दारू पिऊन लेकरांना झोडले असते, तर हौसाबाईच्या वैराला थोडी सावली मिळाली असती. पण तो असा होता. प्रत्येक पेड ती मोजल्यासारखी बघे आणि मनात म्हणे, हे माझे आहे. ही वेणी माझी, हा हात माझा, ही म्हातारपणाची पायरी माझी. याने ते माझ्यापासून चोरले, आणि गाव याला भला माणूस म्हणते.

असा तो मेला. फाल्गुनाच्या मध्यावर, झोपेत, चेहऱ्यावर सुरकुतीही न हलता. तिला उत्तर न देता.

कनातीखाली हेडमास्तर बोलतच होते. "असा निष्कलंक माणूस, असा निर्मळ माणूस..."

हौसाबाई उंबऱ्यावरून खाली उतरली.

दहा पावलांचा तो बोळ तिने बावन्न वर्षांत ओलांडला नव्हता. ऊन तिच्या डोक्यावर होते, राख तिच्या पायांखाली होती. ती कनातीच्या तोंडाशी आली आणि गर्दी दुभंगली. बायकांनी लेकरांना जवळ ओढले. हेडमास्तरांचा शब्द अर्ध्यावर मोडून पडला.

ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली. त्या हारातल्या चेहऱ्याकडे तिने असे पाहिले, की हारातली फुले सुकावीत.

"लई बोललासा समदी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. विळ्याच्या पात्यासारखा पातळ होता. "आता मी बोलते. ह्यो मानूस भला न्हवता. ह्यो भ्याड हुता. मी त्येला एक गोष्ट इचारली हुती. बावन्न वरसं झाली. मरंस्तोवर त्येनं सांगितली न्हाई."

सरपंच उठले. "हौसाआक्का, आज नको. आज त्येंचं बारावं हाय."

"माज्या मानसाचं बारावं झालं तवा कोन हुतं रं हितं? तुजा बाबी हुता. नंतर ह्येला इचारलं हुतं का कुनी, बारी कुणाची हुती म्हणून?"

कोणी दोघे तरुण तिला धरायला पुढे झाले. तेवढ्यात एक बाई मध्ये आली. बावन्न वर्षांची, चष्मा लावलेली, डोळे रडून सुजलेले. कप्तानाची थोरली मुलगी वैजयंती. गडहिंग्लजच्या शाळेत ती गणित शिकवत असे.

"हात लावू नका त्यांना," ती म्हणाली. "लहानपणी मीच बाबांना तो प्रश्न विचारला होता. मलाही उत्तर मिळालं नाही. बोलू द्या त्यांना."

ते दोघे मागे सरले. वाऱ्याने कनात फुगवली, सोडली. आणि मागच्या भिंतीशी खुर्चीत बसवून ठेवलेल्या वत्सलाबाई बोलल्या. बारा दिवसांत कुणी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. केस मोकळे होते. ते विंचरायला कुणालाही त्यांनी हात लावू दिला नव्हता.

"बारी ह्येंची हुती."

हौसाबाईने डोळे मिटले. बावन्न वर्षांची तहान, आणि पहिला थेंब विषाचा, पण थेंबच. तिच्या छातीतून एक आवाज निघाला, विजयाचा की वेदनेचा हे तिलाही कळले नाही.

"ऐकलंसा?" ती गर्दीकडे वळली. "समद्यांनी ऐकलंसा?"

"सगळं ऐक," वत्सलाबाई म्हणाल्या. "बारी ह्येंची हुती, पर ह्येंनी ढकललं न्हाई. आदल्या सांजंला टपाल आलं हुतं. माज्या बानं लिवलेलं. पोरगी झाली, दोगी खुशाल हाईत. पहाटं ह्ये जमीन चाचपायची सळई घिऊन निघालं, तवा केरबाभावजींनी हातातली सळई काढून घेतली. म्हनालं, 'हिंदू, बाप झालास न्हवं? मग एक दीस तरी बाप हो. आज मी जातो, उद्या माज्या जागी तू जा.' ह्ये न्हाई म्हनालं. दोनदा न्हाई म्हनालं." त्यांनी फोटोकडे पाहिले. "तिसऱ्यांदा गप बसलं. तेवढंच ह्येंचं पाप."

हौसाबाईचा चेहरा हलला नाही. फक्त तिचा हात हवेत काहीतरी शोधू लागला, धरायला. आणि काहीच न सापडून खाली आला.

"मग का सांगितलं न्हाई?" तिने विचारले. "एवढं सांगायला बावन्न वरसं लागत्यात?"

"मी सांगू दिलं न्हाई."

वाऱ्याचा एक तप्त झोत अंगणातून गेला. फोटोवरचा हार हलला.

"घरी आलं त्याच दिवशी तुज्याकडं निघालं हुतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी बाळंतीण, उंबऱ्यात आडवी झाले. म्हटलं, तुमी सांगनार, आन गाव काय म्हननार? हिच्या जलमाचा कागद गेला आन तिकडं धडधाकट गडी गेला. पांढऱ्या पायाची म्हनतील माज्या पोरीला. मानूस खाऊन आली म्हनतील. तिच्यासंगं कोन खेळंल, तिला कोन करून घील? मी पोरीचा हात ह्येंच्या हातात दिला आन शपत घातली. म्हटलं, कुनाला तरी शिव्या बसनारच हाईत. त्या हिला नगोत. तुमी खावा." त्यांचा आवाज तुटला आणि पुन्हा जुळला. "आन ह्येंनी खाल्ल्या. मरंस्तोवर. कौलं फुटत हुती तवाबी मी आतनं म्हनत हुते, आता तरी सांगा. आता पोरगी मोठी झाली, लगीन झालं तिचं, आता सांगा. तर म्हनालं, 'आता सांगून काय करू, वत्सला? वैनी कशाच्या बळावर उठत्यात रोज, ठावं हाय तुला? तेवढं तरी ऱ्हाऊ दे त्येंच्याजवळ.'"

वैजयंती जागच्या जागी खाली बसली. जमिनीवरची राख तिच्या पांढऱ्या साडीला लागली. आपल्या जन्माच्या एका ओळीच्या बदल्यात कुणी गेले होते, आणि ती ओळ झाकायला आपल्या बापाने समोरच्या घराचे वैर आयुष्यभर झेलले होते, हे ती बावन्नाव्या वर्षी, गावासमोर, प्रथम ऐकत होती. ती गुडघ्यांवरच पुढे सरकली आणि हौसाबाईच्या पायांवर वाकली.

हौसाबाईने पाय मागे घेतले.

"शिवू नगंस," ती म्हणाली. "तुजा दोष न्हाई, ते कळतंय मला. तुला शिव्या द्यायला माजी जीभ आता वळायची न्हाई. पर आशीर्वाद मागू नगंस. त्यो माज्यापाशी न्हाई."

मग ती वत्सलाबाईंकडे वळली. दोन म्हाताऱ्या, एकीची पाठ खुर्चीला टेकलेली, दुसरीची कशालाच नाही. त्या दोघींच्या मध्ये चार पावलांचे ऊन होते.

"हौसा," वत्सलाबाई म्हणाल्या, "तुला काय बोलायचं त्ये मला बोल. मी हाय अजून."

"तुला काय बोलू?" हौसाबाई म्हणाली. "तू तुजी पोरगी राखलीस. मला असती तर मीबी राखली असती. पर एक ध्यानात ठेव, वत्सले. मी तुला माफ केलं न्हाई. बावन्न वरसं तू मला परक्या मानसासंगं भांडायला लावलंस."

एवढे बोलून ती फिरली. फोटोकडे तिने पाहिले नाही. गर्दीने पुन्हा वाट दिली, आणि ती कनातीबाहेर पडली. पण बोळ ओलांडून घरी गेली नाही. ती गावाच्या वाटेला लागली. ताठ, अनवाणी, झपझप, जणू कुणीतरी कुठेतरी तिची वाट बघत होते आणि तिला उशीर झाला होता.

ऊन कलले होते. जळक्या डोंगरांच्या मागे सूर्य उतरू लागला होता, आणि काळ्या कड्यांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल झाल्या होत्या. रानातून गुरे परतत होती. धुळीचा सोनेरी, संथ, सांध्य पडदा वेशीवर टांगला होता.

वेशीबाहेर, शाळेच्या कुंपणापाशी, काळ्या पाषाणाचा एक स्तंभ आहे. त्यावर एकच नाव कोरलेले आहे. दर स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी हौसाबाईला तिथे आणून पहिल्या खुर्चीत बसवत. शाल देत, नारळ देत, मुले सलामी देत. ती समोर बघत बसून राही. त्या दगडाला तिने कधी हात लावला नव्हता. देवाला जसे दुरून बघावे, तसे तिने त्याला दुरून पाहिले होते. त्याच्यात काही खोट असेल, असे तिच्या मनाला शिवले नव्हते.

आज ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"केरबा," ती म्हणाली.

नवऱ्याचे नाव तिने आयुष्यात एकदाच घेतले होते, लग्नाच्या दिवशी, उखाण्यात, सख्यांनी अडवून धरले तेव्हा, खालच्या मानेने. आता ते नाव तिच्या तोंडातून उघडे, उखाण्याविना, धारेसह बाहेर पडले.

"आरं केरबा! त्येला पोरगी झाली म्हणून तू गेलास. आन मी? मी कोन हुते तुजी? सळई हातात घेताना माजी याद आली न्हाई तुला? मोठा आलास दुसऱ्याची बारी घेनारा! त्येला बाप व्हायचं हुतं, तुला न्हवतं व्हायचं? मला इचारलं हुतंस?"

स्तंभ उभा होता.

"बोल की! का तुजीबी मान खाली जाती?"

त्यांचा संसार सत्तावीस दिवसांचा होता. त्या सत्तावीस दिवसांत त्यांचे एकही भांडण झाले नव्हते. सारे दिवस लाजण्यात गेले, नजर चुकवण्यात, चुलीच्या धुरात डोळे पुसण्यात. नवऱ्याशी भांडणे म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हते. आणि आज ते सारे भांडण, बावन्न वर्षांचे, साठलेले, तुंबलेले, हक्काचे, तिच्या गळ्याशी आले आणि फुटले.

ती भांडत राहिली. मोठ्या गोष्टी संपल्या तेव्हा लहान निघाल्या. दोनच पत्रे लिहिलीस, तीही आईच्या नावाने. जाताना मागे वळून बघितले नाहीस. तुझा आवडीचा पदार्थ कुठला, हे मला तुझ्या बहिणीला विचारावे लागले, तू मेल्यावर, पिंडासाठी. सगळ्या गावाला आवडायचास. मग माझ्याच वाट्याला का कमी आलास? बोलता बोलता तिचा पदर खांद्यावरून घसरला, ते तिला कळले नाही. तिचा आवाज चढला, चिरकला, भिजला. तो सत्तर वर्षांच्या म्हातारीचा आवाज उरला नव्हता. त्यात रुसवा होता, तोरा होता, कोवळी कडवट धार होती. अठरा वर्षांच्या पोरीने नवऱ्याला उंबऱ्यात अडवून जाब विचारावा, तशी.

सरपणाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका वाटेत थबकल्या. कुणी पुढे झाली नाही. नवराबायकोच्या मध्ये पडू नये, हे त्यांना माहीत होते. त्या मोळ्या सावरून दुसऱ्या वाटेने गेल्या.

दिवस मावळला. कड्यांवरची लाली निवत गेली. हौसाबाईने थकून दगडावर तळहात आपटला, मग दुसरा, आणि मग दोन्ही तळहात तिथेच राहू दिले. दिवसभराच्या उन्हाने पाषाण तापला होता. अंगासारखा उबदार, आतून जिवंत असल्यासारखा. त्याला कपाळ टेकून ती बोलतच होती, हळू, हळू, अजून हळू. आणि तो ऐकत होता, घराघरांतले नवरे ऐकतात तसा, निमूट, निरुत्तर, उभ्याने.